चंद्रावरच्या पोस्टाची तपासणी

सातपूर कॉलनी, नाशिक
७ मार्च २००४, रविवार

ती. आक्काबाई यांना मालनचा सप्रेम जय भीम आणि लांबूनच वाकून नमस्कार. (लांबून वाकलेलं तुम्हाला दिसणार नाही, पण मी खरंच वाकलेली आहे, कारण हे पत्र जमिनीवर बसून पाटावर लिहिते आहे. टेबल रिकामं नाही. ते का रिकामं नाही, तेच पुढे येईल.)

तुमचा गुडघा कसा आहे? राजू वेळेवर जेवतो का? चि. अंजलीचा पुढचा दात आला, की अजून ती हसताना तोंडावर हात धरते? भुसावळला ऊन तापायला लागलं असेल. आमच्याकडे सकाळी शाल लागते आणि दुपारी पंखा, अशी गंमत चालली आहे. दिंडोरीकडची द्राक्षं गाडीवर यायला लागली आहेत. आमच्या खालच्या मजल्यावरच्या शकुबाई रोज चार मणी चाखून बघतात आणि आंबट आहेत म्हणून घरी जातात. त्यामुळे द्राक्षवाला आता आमच्या इमारतीसमोर आला की न ओरडता पाय उचलून चालायला लागतो. माझी शाळा सकाळचीच आहे. दुपारी एकला घरी येते, जेवते, आणि मग संध्याकाळपर्यंत जो वेळ असतो त्याला काय म्हणावं मला कळत नाही. गॅलरीतून ऊन आत येतं, फरशीवरून हळूहळू भिंतीवर चढतं आणि निघून जातं. तेवढ्यात एखादं वर्षसुद्धा निघून जाईल आणि आपल्याला पत्ता लागणार नाही, असं वाटतं.

तुमचं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर झाला याची माफी मागते, पण काम तुम्ही साधं दिलं नव्हतं. तुम्ही लिहिलं होतं की अंजलीला वाढदिवसाला टीव्हीवरच्या त्या मांजराचं खेळणं हवं आहे, जोडायच्या ठोकळ्यांचं, भुसावळला ते मिळत नाही, नाशिकला कॉलेज रोडवर मिळतं असं ऐकलं, तर ते घेण्याच्या लायकीचं आहे की नुसतं खोक्याचं सोंग आहे ते बघून कळवावं. आणि शेवटी एक ओळ होती : ‘सहादूला नीट मोजून बघायला सांग.’ ती ओळ मी तेव्हा दोनदा वाचली होती आणि पत्र घडी करून गव्हाच्या डब्यामागे ठेवलं होतं.

ते मांजर आधी मला माहीत नव्हतं. मग मी संध्याकाळी टीव्ही लावून बघितलं. चंद्रावर एक पोस्ट ऑफिस आहे आणि त्यात एक मांजर पोस्टमास्तर आहे, एवढीच गोष्ट. कोणी पत्र टाकत नाही, कारण चंद्रावर दुसरं कोणी राहतच नाही. तरी ते रोज टोपी घालून पेटी उघडून बघतं. (आमच्या शाळेची हजेरी अशी नियमित असती तर!) मला ते मांजर आवडलं. मी स्वयंपाक सोडून बघत बसले आणि डाळ खाली लागली.

आता खरी हकीकत. मी विचार केला, लहानसं खेळणं ते, त्यासाठी कॉलेज रोडच्या काचेच्या दुकानात कशाला जायचं? बुधवारच्या बाजारात नदीकाठी सगळं मिळतं. तिथे एका चादरीवर प्लॅस्टिकच्या सापांच्या आणि केसांच्या चापांच्या मधोमध तेच खोकं दिसलं. चंद्र होता, पोस्ट होतं, मांजर होतं. बाईला विचारलं, हे टीव्हीवरचंच ना? ती म्हणाली, “त्याचंच हाय, ताई. त्याचाच भाऊ हाय.” तेव्हाच समजायला हवं होतं. घरी येऊन खोकं उघडलं तर मांजराला कान नव्हते. कानांशिवाय मांजर हे मुंगसासारखं दिसतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. दार चौकटीत बसेना. मी जोर लावला तेव्हा बसलं, पण चौकट भिंतीतून निघाली. भिंत बसवली तर छप्पर उडालं आणि गॅलरीतून खाली शकुबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन पडलं. शकुबाई खालून म्हणाल्या, “मालनबाई, काय पडलं हो?” मी म्हटलं, पोस्टाचं छप्पर. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. माझ्याबद्दल त्यांचं काहीतरी मत तेव्हापासून झालेलं आहे.

हे सगळं चाललं असताना तुमचे भाऊ गॅलरीत खुर्चीवर बसून रस्त्याकडे बघत होते. ते उठले. आत गेले, लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि हातात ती लांबट लाकडी पेटी घेऊन आले, जी आमच्या घरात चौदा महिने कोणी उघडली नव्हती. तुम्हाला आठवत असेल, पहिल्या बोनसमधून घेतलेला त्यांचा तो मोजमापाचा चिमटा, व्हर्नियर म्हणतात तो. त्यांनी तो मऊ फडक्याने पुसला, उजेडाकडे धरला, एक ठोकळा उचलून मापला. मग दुसरा. मग तिसरा. शेजारी शेजारी ठेवून चष्मा वर केला आणि म्हणाले, “एकाचं माप एकाला नाय. रिजेक्ट.”

आक्काबाई, तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं. पण तो शब्द मी किती दिवसांनी ऐकला हे सांगायचं तर मला एक कबुली द्यावी लागेल, आणि खेळण्याच्या चौकशीत ती देणं बरं दिसत नाही, पण दुसरी जागा कुठे शोधू?

तुम्ही प्रत्येक पत्रात विचारता, ‘सहादूची कंपनी कशी आहे?’ आणि मी प्रत्येक पत्रात लिहिते, ‘कंपनी ठीक आहे.’ हे खोटं नव्हतं. कंपनी ठीकच आहे. गेटला नवा रंग दिला आहे, आत झाडं लावली आहेत, बस वेळेवर धावते. फक्त त्या बसमध्ये ते नसतात. मागच्या वर्षी जानेवारीत कॅन्टीनजवळच्या फळ्यावर यादी लागली. वर लिहिलं होतं ‘जादा कामगार’, आणि अकरावं नाव यांचं. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांचं काम तपासलं, एकदाही खराब माल पुढे जाऊ दिला नाही, आणि एका सकाळी स्वतःच जादा निघाले. घरी आले, चप्पल कोपऱ्यात जुळवून ठेवली आणि मला म्हणाले, आक्काला कळवायचं नाही. तिने नर्सच्या ड्युट्या करून मला आयटीआयला घातलं, तिला हे कळता कामा नये. मी बरं म्हटलं. आता वाटतं, तिथंच चुकले.

त्यानंतर ते काही वाईट वागले असतील असं समजू नका. भांडण नाही, दारू नाही. सकाळी सहाला उठून अंघोळ, दाढी, इस्त्रीचा शर्ट. आणि मग खुर्ची. सातला कंपनीची बस कोपऱ्यावरून जाते तेवढं बघायचं, आणि नंतर बस गेल्यानंतरचा रस्ता बघायचा. मीठ हवं का म्हटलं तर हूं. पाहुणे आले तर हूं. एकदा मी मुद्दाम म्हटलं, मी आज हत्तीवर बसून शाळेत गेले होते, तर त्यालाही हूं. मी शाळेत चाळीस पोरांना गप्प बसवते आणि घरी एका माणसाला बोलतं करता येईना. म्हणून ‘रिजेक्ट’ हा शब्द ऐकून मला असं झालं की घरात कुणीतरी दिवाच लावला. मी तो मुंगूस-पोस्टमास्तर हातात घेऊन तशीच उभी राहिले.

मी पुढे काही बोलायच्या आत तेच म्हणाले, “असल बघितल्याशिवाय नकलेला नावं ठेवायची नाय. असल कुठं हे?”

दुसऱ्या दिवशी गेलो. त्यांनी पेन खिशाला लावलं, वही घेतली, व्हर्नियरची पेटी काखेत. मी शाळेतून परस्पर कॉलेज रोडला उतरले. ते माझ्या आधीच येऊन दुकानासमोर उभे होते आणि दाराच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का ते बघत होते. आत गार हवा, जमिनीत आपलंच तोंड दिसावं अशी फरशी, आणि कुठूनतरी बारीक गाणं. मला तिथे गेल्या गेल्या झोपेत चालल्यासारखं वाटायला लागलं. भिंतभर रंगीत खोकी, आणि प्रत्येक खोक्यात कुणाचं तरी घर, कुणाची तरी गाडी, सगळं मोडून ठेवलेलं, कोणीतरी येऊन जोडेल म्हणून वाट बघत बसलेलं.

तिथे मोहिनी नावाची मुलगी होती (नाव तिच्या शर्टावरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं, त्यामुळे मी ओळख नसताना ‘मोहिनी बेटा’ म्हटलं आणि ती दचकली). तिने यांना विचारलं, “काका, गिफ्टसाठी बघताय का?”

“नाय,” हे म्हणाले. “तपासणी करायची हे.”

त्या मुलीचा चेहरा उतरला. ती मागे गेली आणि मॅनेजरला घेऊन आली. मॅनेजरने खुर्ची मागवली, गार पाणी मागवलं, आणि हात बांधून अदबीने विचारलं, “साहेब, कोणत्या खात्याकडून आलात?”

“बहिणीकडून,” तुमचे भाऊ म्हणाले.

मी मध्ये पडून सगळं समजावलं, पण आणलेली खुर्ची परत नेणं बरं दिसेना, म्हणून ते बसले. खोकं फोडता येणार नाही असं मोहिनी म्हणाली. पण काचेच्या कपाटात एक जोडून ठेवलेला नमुना होता, तो तिने काढून दिला. खोक्यावर एक गोल चकचकीत शिक्का होता, आणि त्यावर, हे मांजर आम्ही परवान्याने वापरतो, अशा अर्थाचं लिहिलेलं होतं. (आमच्या लहानपणी सायकलला परवाना होता, रेडिओला परवाना होता. आता मांजरालाही आहे. माणसांना तेवढा नाही म्हणून ती जादा निघतात की काय कोण जाणे.) हे पाऊण तास मोजत होते. एकेक ठोकळा सुटा करायचा, मापायचा, वहीत आकडा, परत जागेवर. गिऱ्हाइकं वळसा घालून जात होती. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. मान अगदी तशी झाली होती जशी कंपनीच्या वार्षिक दिवशी मी एकदा बघितली होती, कामावर वाकलेली.

शेवटी व्हर्नियर मिटला आणि म्हणाले, “ओके.” मग जरा वेळाने, “हे बनवणारा माणूस कोण असंल?”

“माणूस नाही काका, मशीनच बनवतं सगळं,” मोहिनी म्हणाली.

“मशीनला साचा लागतो, बाई. साचा कुणीतरी बसून घासलेला असतो. तो उठून घरी गेला असंल, जेवला असंल, त्याला काय माहीत आपण इथं त्याचं काम बघतोय.”

मोहिनीने नमुना हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. ते बारीक गाणं तेवढं चालू होतं. मग आम्ही ते घेतलं. किंमत मी तुम्हाला कळवत नाही, कारण ती एकदा ऐकली तेवढी पुरे झाली.

आता टेबल. हे पत्र वाचताना तुम्हाला वाटलं असेल की सदुसष्ट ठोकळे जोडायला एखादा तास लागेल. खोक्यावर तसं पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलं आहे. आम्हाला तीन दुपारी लागल्या. पहिल्या दुपारी ठोकळे रंगाप्रमाणे आणि मापाप्रमाणे लावणं. (त्यासाठी माझ्या मसाल्याच्या डब्याच्या वाट्या गेल्या. मोहरीच्या वाटीत अजून एक पिवळा कंदील सापडतो.) दुसऱ्या दुपारी जोडणी. त्यांनी नकाशा माझ्याकडे दिला. मी नुसतं चित्र दाखवायचं आणि त्यांनी जोडायचं. खिडकीचा एक हिरवा पारदर्शक ठोकळा होता. तो त्यांनी उन्हात धरला तेव्हा टेबलावर पाण्यासारखा हिरवा ठिपका पडला, मग तो ठिपका त्यांच्या टकलावर चढला, मग छतावर गेला. आम्ही दोघंही तो बघत होतो. खालून द्राक्षवाल्याची पावलं गेली. मला कधी डोळा लागला कळलंच नाही. झोपेत मी त्या पोस्टातच होते, अंगठ्याएवढी, आणि खिडकीपाशी रांगेत उभी होते. रांगेत दुसरं कोणी नव्हतं. मांजर म्हणालं, बाई, सही करा, तुमचं आलंय. मी म्हटलं, चष्मा घरी राहिला, जरा वाचून दाखवता का? त्याने पाकीट उघडलं, आणि तेवढ्यात यांनी मला हलवून जागं केलं : “मालन, अगं ऊठ. एक नग उरला.”

सगळं जोडून झालं होतं. चंद्र, पोस्ट, लाल पेटी, टोपीवालं मांजर (कानांसकट), तळहातावर मावेल एवढं आणि असं घट्ट की उलटं धरलं तरी काही पडत नव्हतं. आणि शेजारी एक राखाडी ठोकळा, मसुराच्या दाण्याएवढा. उरलेला.

त्यांनी सगळं मोडलं. परत जोडलं. परत एक उरला. तिसऱ्या दुपारी मी घरी आले तर चौथी खेप चालू होती, आणि शकुबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आदल्या दिवशी उघड्या दारातून चष्मा, चिमटा आणि बारीक वस्तू बघून, यांनी घड्याळं दुरुस्तीचं काम सुरू केलं असा अर्थ काढला होता आणि घरातली तीन बंद घड्याळं पदरात घालून आणली होती. ती आता आमच्याकडेच आहेत. त्यांतलं एक सुरू झालं आहे, ते केवळ पदरात हिंदकळल्यामुळे, पण श्रेय यांना मिळालं.

“सदुसष्ट लिहिलेत आणि अडुसष्ट भरलेत,” हे म्हणाले. “हा आपला नाय. ज्याचा त्याला द्यायचा.”

मी म्हटलं, अहो, मसुराएवढा ठोकळा, तो परत करायला बसने जायचं? त्याचं तिकीट त्याच्यापेक्षा जास्त होईल. पण ते चपला घालत होते. मग मीही निघाले, कारण चौदा महिन्यांत ते आपणहून कुठे निघाले होते ते दुसऱ्यांदाच.

मोहिनीने तो ठोकळा कागदाच्या पुडीतून काढून बघितला आणि हसली. म्हणाली, “काका, हा तुमचाच आहे. लहान पीस हरवतात ना, म्हणून कंपनीच एक जास्त टाकते. प्रत्येक बॉक्समध्ये असतो.”

“मुद्दाम?”

“हो, मुद्दाम. कमी पडू नये म्हणून.”

त्यांनी पुडी परत नीट बांधली. खिशात ठेवली. बाहेर आल्यावर बसथांब्याकडे वळले नाहीत, चालायलाच लागले. मी मागून. त्र्यंबक रोडला लागलो, आयटीआयच्या सिग्नलपर्यंत आलो, तिथे एका टपरीच्या बाकावर बसलो. समोरून आयटीआयची पोरं निळे शर्ट घालून बाहेर पडत होती. तुमच्या ड्युट्यांच्या पैशाने एके काळी त्याच दारातून हेही बाहेर पडत होते. चहा आला. चार वाजले असतील. पलीकडच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर भर उन्हात चंद्र निघाला होता, धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा फिका. ते त्याच्याकडे बघत म्हणाले, “जादा नग ते मुद्दाम टाकतात, मालन.”

मी म्हटलं, हूं. (मला हूं करायची ती पहिलीच पाळी.)

“आमच्यात जादा म्हणजे यादी.”

आणि मग ते बोलायला लागले. आक्काबाई, मी तुम्हाला सगळं लिहू शकत नाही, कारण ते त्यांचं आहे. एवढंच सांगते की शेवटच्या दिवशी त्यांनी दुपारपर्यंत माल तपासला, सह्या केल्या, आणि कंपनीची मोजमापाची अवजारं परत द्यायला गेले तर घ्यायला कोणी जागेवर नव्हतं. तासभर उभे राहिले. मग सगळी पुसून टेबलावर ओळीने लावली, चिठ्ठी लिहिली, आणि आले. ती कुणी उचलली का, गंजली का, हे त्यांना चौदा महिने सतावत होतं. मला वाटत होतं नोकरीचं दुःख आहे. ते त्या टेबलाचं होतं. मी म्हटलं, तुम्ही हे मला आधी का सांगितलं नाही? ते म्हणाले, तू हत्तीवर बसून शाळेत जात होतीस. म्हणजे ऐकत होते बघा सगळं. मला हसू आलं आणि मग रडू आलं आणि टपरीवाल्याने न विचारता दुसरा चहा दिला. उठताना ते म्हणाले, “आक्काला कळव आता. मांजराचं पण, माझं पण.”

तर कळवते आहे. मांजराबद्दल आमचा अभिप्राय असा : खेळणं महाग आहे आणि खोकं उगाच मोठं आहे, आत अर्धी हवा. लाल पेटीची झडप लहान बोटांना जरा कडक जाईल. पण माप चोख आहे, रंग जात नाही, जोडलेलं सुटत नाही आणि सोडवलेलं मोडत नाही. एकदा जोडून कंटाळा येईल अशी शंका तुम्ही काढली होती. आमच्याकडे आजवर सात वेळा जोडून झालं आहे. त्याने मूल हुशार होईल का, हे मी शिक्षिका असूनही सांगू शकत नाही. पण त्याच्यापाशी दोन माणसं एका टेबलावर बसतात, आणि दुपार बसल्या जागी जरा लांब होते. एवढ्यासाठी घ्यावं असं मला वाटतं.

राजूला आणि सूनबाईला आशीर्वाद, चि. अंजलीला दोन्ही गालांचे पापे. गुडघ्याला तेल लावून घेत जा, स्वतः नर्स होतात म्हणून स्वतःचं ऐकत नाही तुम्ही.

तुमची,
मालन

ता. क. १ : आम्ही घेतलेलं तुम्हाला पाठवून देऊ असं आधी ठरलं होतं. ते आता होणार नाही. मी विषय काढला तर यांनी ते टेबलावरून उचलून कपाटावर ठेवलं. अंजलीसाठी नवीन घेऊन हे स्वतः वाढदिवसाला भुसावळला येणार आहेत, जोडून दाखवायला. त्यांना जोडू द्यावं, मध्ये हात घालू नये, असं अंजलीला आधीच समजावून ठेवा.

ता. क. २ : (हे त्यांच्या अक्षरात आहे. पत्र तपासायला मागितलं होतं.) आक्कास साष्टांग जय भीम. पत्र वाचले. तीन चुका आहेत. एक, चौथी खेप नव्हती, तिसरी होती. दोन, दार बाजारातल्या नमुन्यात बसत नव्हते ते हिच्या जोरामुळे नव्हे, अर्धा मिलिमीटर जास्त होते म्हणून. तीन, मी चौदा महिने बोलत नव्हतो असे लिहिले आहे. मी बोलत होतो. हळू बोलत होतो. बाकी मजकूर ओके. सहादू.

ता. क. ३ : हा कागद मी पाकिटात मागाहून घालते आहे, त्यांनी वाचलेला नाही. ते दुकानात गेलेले असताना आत्ता अंजलीचा फोन आला होता. मी म्हटलं, तुझं मांजराचं पोस्ट येतंय हं वाढदिवसाला. तर ती म्हणाली, “मामीआजी, ते आहे माझ्याकडे. पप्पांनी दिवाळीतच पुण्याहून आणलं.” मी म्हटलं, मग आजीने आम्हाला बघायला का सांगितलं? पोर म्हणाली, “आजी म्हणाली, मामाआजोबांना मोजायला काहीतरी पाहिजे,” आणि लगेच, “अय्या, सांगायचं नव्हतं!” आणि फोन ठेवला.

आक्काबाई, तुम्हाला त्या यादीचं कुणी सांगितलं आणि कधी, ते मी विचारत नाही. तुम्ही माझं ‘कंपनी ठीक आहे’ इतके महिने वाचून घेतलंत आणि दरवेळी पुन्हा तेच विचारत राहिलात, त्याचं काय करू तेही मला कळत नाही. त्यांना मी हे सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. एकच मागणं आहे. आठवड्याभरात घरच्या पत्त्यावर त्यांच्या नावाने एक पत्र टाका, आणि दुसरं काहीतरी बघून कळवायला सांगा. शिवणयंत्र, पाण्याचा पंप, राजूच्या घराचा नकाशा, काहीही चालेल. फक्त सोपं नको.